निवृत्तीने फोडलेला खुनी

निवृत्तीच्या तोंडात तीळ भिजत नसे, आणि नोकरी कुठली, तर पंचवटीतल्या टॉकीजमध्ये डोअरकीपरची! तिकीट फाडता फाडता तो सिनेमाचा शेवट सांगून मोकळा व्हायचा. म्हणून सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात रहस्यपट लागला, तेव्हा मालकांनी त्याला बोलावून तंबी दिली, "या वेळी खुनी फुटला, तर तू घरी."

सिनेमाही मेला असा, की गप्प बसणं म्हणजे शिक्षाच. एक जोडपं नव्या घरात राहायला येतं. शेजारच्या बंगल्यात मास्तर एकटाच राहतो, आणि भरदुपारी तिथून बाईच्या रडण्याचा आवाज येतो. मग एक खून पडतो. बाल्कनीतले शहाणेसुरतेसुद्धा पाय वर घेऊन बसत.

भाजीबाजारात गेला की सगळे निवृत्तीला घेरत, "खुनी कोण रे?" दोन दिवस त्याने कसाबसा दम धरला. तिसऱ्या दिवशी अक्कल सुचली. खुनी सांगायचा, पण खोटा! मेथीवालीला त्याने डॉक्टर सांगितला, रिक्षावाल्या धोंडीरामला मोलकरीण, न्हाव्याला दूधवाला. मंडळी आपापसात भांडली, पैजा लागल्या, आणि खरंखोटं करायला सगळे टॉकीजवर आले. फसून बाहेर पडलेले मात्र गप्प राहत. आपण फसलो, तर दुसऱ्याने का सुटावं? हाऊसफुल्लचा बोर्ड काही उतरेना. मालक भलतेच खूश.

अडचण झाली ती कांदेवाल्या चिमणाबाईची. ओट्यावरून पडून तिचा पाय प्लास्टरमध्ये गेला होता.

"मला काय आता यायला जमत नाय. मला तरी खरं सांग," ती म्हणाली.

तिच्या फडक्यातली भाकरी निवृत्तीने कितीदा खाल्ली होती. त्याला वाईट वाटलं. तो तिच्या कानाशी वाकला. "मावशी, नव्या घरात राहायला येती ना, त्या बाईचा नवराच खुनी हाय."

"चल, चावट! समदा बाजार म्हणतो, नवरा गरीब गाय हाय. लय थापा मारतो तू."

आणि त्याला खोटं पाडायला ती दुसऱ्याच दिवशी हातगाडीवर बसून मॅटिनीला हजर झाली. निवृत्तीला घाम फुटला.

शो सुटला. मालक तिकीट खिडकीपाशीच उभे होते. चिमणाबाई लंगडत दारात आली आणि कडाडली, "मेल्या, सगळ्या बाजाराला थापा मारल्या, आन खरं सांगायला मीच सापडले का रे तुला?"

पुढच्या खेळाच्या रांगेने कान टवकारले. मालकांच्या भुवया चढल्या.

"म्हणजे खुनी कोण, मावशी?" रांगेतून कुणीतरी विचारलं.

निवृत्तीला नोकरी गेलेलीच दिसली. चिमणाबाईने एकदा मालकांकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

"कोण म्हणजे? मास्तरच की," ती म्हणाली, आणि निवृत्तीच्या खांद्याचा आधार घेऊन हातगाडीवर चढली.