दादाचा शेवटचा जीव

आधीच सांगतो, भूतखेत, भानामती, अंगात येणं... यातलं काही म्हणजे काही मी मानत नाही. भोरला माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. "विहिरीवरच्या मोटारीला कुणीतरी केलंय, लिंबू उतरवलं तरी चालत नाही" असं सांगत येणारे महाभाग मला रोज भेटतात, आणि मोटार उघडली की दर वेळी आत जळकी तारच निघते. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. पण गेल्या दसऱ्याच्या आधी जे झालं ते तीन माणसांनी पाहिलंय, आणि त्यातला एक मी आहे. तेव्हा हसायचं ते शेवटी हसा.

गाव आमचं भोंगवली. मी नऊ वर्षांचा होतो तेव्हा माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, सोळाचा होता. मामानं आम्हाला टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणून दिला होता. कॅसेट एकच, आणि त्यातला आमच्या जिवाचा गेमही एकच – शिडीचा. हल्लीच्या गेमसारखा त्यात पडदा पुढं सरकायचा नाही. पाच मजले, त्यांना जोडणाऱ्या शिड्या, वरून गडगडत येणारे दगड आणि अगदी माथ्यावर एक दार. सगळं एकाच पडद्यात. त्यातला लाल टोपीवाला माणूस उजव्या कडेनं बाहेर पडला की डाव्या कडेनं आत यायचा. बटण बंद केलं की मात्र सगळं पुसलं जायचं, परत पहिल्यापासून सुरुवात.

दिवाळीच्या सुट्टीत एकदा दादा पहिल्यांदाच शेवटच्या शिडीपर्यंत पोचला. एकच जीव उरला होता. नेमकं तेव्हाच आईनं त्याला दळणाला पिटाळलं. दादा चरफडला, पण आईपुढं बोलायची कुणाची टाप होती! त्यानं पॉज दाबला. लाल टोपीवाला शिडीवर एक पाय उचलून तसाच थांबला.

"हात लावू नको हां," दादा मला म्हणाला, "मी आल्यावर वर जातो."

सायकलला दळणाचा डबा बांधून तो गेला, आणि फाट्यावर टेम्पोनं त्याला उडवलं.

मला हे कळायच्या आधीच मी एक उद्योग करून बसलो होतो. दहा मिनिटं पडद्याकडं बघत बसलो, आणि मग राहवलं नाही. म्हटलं आपणच त्याला दारापर्यंत नेऊ, दादा आला की चिडवू. स्टार्ट दाबलं. दुसऱ्याच दगडाखाली माणूस गेला. गेम ओव्हर. मी घाबरून बटण बंद केलं, आणि थोड्या वेळानं लोक धावत आमच्या दारात आले.

नऊ वर्षांच्या पोराच्या डोक्यात काय येणार? शेवटचा जीव मी घालवला, म्हणून दादा गेला. गिरणी घराच्या उजव्या हाताला. दादा उजवीकडं गेला होता, म्हणून मी कित्येक दिवस डावीकडच्या ओढ्याच्या वाटेवर डोळे लावून बसायचो. त्याला टेम्पोनं मारलं, मी नाही, हे मोठेपणी कळलं, पण कळतं ते वळत नाही. आजही नाही.

तेराव्यानंतर आईनं मला विचारलं, त्याचा खेळ तो चालू ठेवून गेला होता ना, मग बंद कसा झाला? मी म्हणालो, लाईट गेली. ती "बरं" म्हणाली. गेम तिनं दादाच्या शर्टात गुंडाळून ट्रंकेत ठेवून दिला. पुढं सत्तावीस वर्षं घरात तो विषय निघाला नाही. मी बायकोलासुद्धा कधी सांगितलं नाही.

गेल्या दसऱ्याच्या आधी घर झाडायला मी लेकीला, जुईला घेऊन गावी गेलो होतो. सकाळी अकराचा सुमार. जुईनं ट्रंक उघडली आणि गेम बाहेर काढला. लावून दाखवा म्हणून हट्ट. मी टाळत होतो, पण आईच म्हणाली, लाव की. जुना टीव्ही होताच. वायरी जोडल्या, बटण दाबलं.

आधी संगीत वाजतं, मग गेमची यादी येते. त्यातलं काहीच झालं नाही. थेट पाच मजले. शेवटच्या शिडीवर लाल टोपीवाला, एक पाय उचललेला. कोपऱ्यात एकच जीव. मधोमध पॉज.

"पप्पा, हे आधी कोण खेळत होतं?" जुईनं विचारलं.

आई मागं उभी होती, तिच्याकडं वळून बघायची हिंमत होईना. पडद्याकडं बघतच मी सगळं ओकून टाकलं. स्टार्ट मी दाबलं होतं, लाईट गेली हे खोटं सांगितलं होतं, सगळं. लेकीसमोर रडलो.

आई म्हणाली, "लाईट कुटं गेलती रं त्या दिवशी? लाईट व्हती, गिरणी चालू व्हती, म्हणून तर म्या त्याला दळणाला धाडला."

म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. गिरणी लाईटवर चालते, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळतं, आणि मला सत्तावीस वर्षांत एकदाही सुचलं नाही! मी विचारलं, मग तू बोलली का नाहीस?

"काय बोलू? धाडला म्या, आन बोल तुला लावू?"

दोघंही एकच ओझं घेऊन एका घरात वावरत होतो, एकमेकांना न दाखवता.

मग तिनं पदरानं डोळे पुसले आणि पडद्याकडं बोट केलं. "बंद कर आता. किती येळ एक पाय उचलून हुबं ऱ्हायचं त्यानं?" माझा हात उचलेना. शेवटी तिनंच जाऊन बोर्डावरचं बटण बंद केलं.

नंतर मी परत लावून बघितला. संगीत, यादी, सगळं नेहमीसारखं. स्क्रू काढून आतून बाहेरून तपासला. सेल नाही, खेळ साठवून ठेवेल असं काहीही नाही. आणि समजा असतं, तरी तो डाव मी माझ्या हातानं संपवला होता. मग पडद्यावर होता तो कुठला? तुमच्यापैकी कुणाकडं उत्तर असेल तर सांगा.

एवढंच सांगतो... त्या सकाळी गेमचा रिमोट माझ्या हातात होता आणि अंगठा स्टार्टवर. या वेळी मी दाबलं नाही.