रताळं जेवणात धरत नाहीत

माझी नोकरी काय असं कुणी विचारलं तर मी सांगते, "बरोबरच्या खुणा करते." ग्लासगोतल्या एका विद्यापीठात आरोग्य आणि शेतीवरची संशोधनं चालतात, त्यांची कागदपत्रं माझ्या हाताखालून जातात. परदेशात करायच्या प्रत्येक अभ्यासाला दोन परवानग्या लागतात, एक इथल्या समितीची आणि एक त्या देशातल्या समितीची. दोन्ही हातात आल्याशिवाय तिथल्या माणसाला साधा एक प्रश्नसुद्धा विचारायचा नाही. अर्ज पुरा आहे का, संमतीपत्रक नीट आहे का, भाषांतर मुळाशी जुळतंय का, हे मी बघते आणि चौकटीत खूण करते. डॉक्टर नवऱ्याच्या मागोमाग इथे आले त्याला वीस वर्षं होऊन गेली, त्यातली बरीचशी या चौकटींत गेली. माझी खूण दिसली की आमचे प्रोफेसर डोळे मिटून सही करतात. याचा मला चांगलाच तोरा होता. होता म्हणते, कारण एका नोव्हेंबरात तो उतरला.

तो उतरवणारी पोरगी मलावीची. तिशीची, बारीक अंगाची, चालायला आणि बोलायला सावकाश. पीएचडीसाठी आली होती आणि शिष्यवृत्तीचं शेवटचं वर्ष चालू होतं. मला ती 'अमायी' म्हणायची. त्यांच्याकडे वयाने मोठ्या बाईला असंच म्हणतात. मला मात्र त्यात दर वेळी 'माय' ऐकू यायची, त्यामुळे तिच्यावर चिडायचं ठरवलं तरी पुरतं चिडता येत नसे.

तिचा विषय मला फार आवडला होता. मलावीत मका निघतो एप्रिलच्या आसपास. त्याआधीचे दोन-तीन महिने कणग्या रिकाम्या असतात, तेच भुकेचे महिने. आदल्या पावसात काही गावांतल्या अंगावर पाजणाऱ्या बायकांना परसात लावायला केशरी रताळ्याचे वेल दिले होते. त्या वेलांमुळे भुकेच्या महिन्यांत आईच्या पोटात काही जास्तीचं पडतं का, हे हिला बघायचं होतं. म्हणजे गाठायला हवेत तर तेच महिने. ते हुकले की वर्ष हुकलं, आणि वर्ष हुकलं की शिष्यवृत्ती संपून पदवीवाचून घरी.

इतकी घाई असूनही तिचं काम बघून माझा जीव कासावीस व्हायचा. संमतीपत्रकाचं प्रत्येक वाक्य ती मोठ्याने वाचायची. वाचताना दम लागला की वाक्य तोडायची. मी एकदा म्हटलं, "अगं, हे छापायचंय, गायचं नाहीये." ती म्हणाली, "अमायी, हे कुणीतरी तिला वाचून दाखवणार. माझा दम संपतो तिथे तिचं लक्ष केव्हाच संपलेलं असतं." त्यानंतर मी इतरांचीही पत्रकं मोठ्याने वाचायला लागले. दारं लावून.

ऑक्टोबरात तिच्या देशाच्या समितीचं मंजुरीपत्र आलं. तिने ते प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून आणलं आणि मला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. मंजूर झालेल्या शब्दांत परवानगीशिवाय बदल करू नये, ही शेवटची ओळसुद्धा. मी म्हटलं, "ही ओळ सगळ्याच पत्रांत असते." ती म्हणाली, "माहितीये. पण या पत्रात ती मला लिहिलीये." डिसेंबरच्या सुरुवातीचं तिकीट काढून झालं.

आणि मग आली एकादशी. मी काही फार देवधर्म करणारी नाही, पण आईने लावलेले दोन-चार उपास सुटत नाहीत. त्या दिवशी कॅन्टीनमध्ये डबा उघडून बसले होते. डब्यात रताळ्याचा कीस, वर दाण्याचं कूट, बाजूला दही. ही समोर सूप घेऊन बसली आणि म्हणाली, "आज थकल्यासारख्या दिसताय."

"उपास आहे गं. सकाळपासून जेवले नाहीये."

तिने माझ्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं. माझा चमचा तोंडाशीच होता.

"मग हे काय आहे?"

"हे? रताळं आहे. रताळं जेवणात धरत नाहीत."

ती खो खो हसली. इतकी की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. मीही हसले. तिला सांगितलं की आमच्यात एकादशी अन् दुप्पट खाशी असं उगाच नाही म्हणत. भात नाही, पोळी नाही, मग बाकी कितीही हाणा, जेवण झालं असं कुणी म्हणत नाही. ती डोळे पुसत म्हणाली, "आमच्यातही असंच! न्सिमा झाला नाही तर आम्हीही जेवलो नाही म्हणतो." न्सिमा म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, आपल्या उकडीपेक्षा घट्ट. "माझा मामा चार कणसं, आंबा, कसाव्याचे उकडलेले कंद खाऊन उठतो आणि विचारतो, आज घरात कुणी जेवायला देणार आहे की नाही?"

पुन्हा हसलो. मग तिचं हसू एकदम थांबलं. चमचा खाली ठेवून तिने विचारलं, "अमायी, चौदाव्या प्रश्नावर तुम्ही कुठली खूण केली होती?"

मला आठवायची गरज पडली नाही. चौदावा प्रश्न इंग्रजीत होता, "काल तुम्ही किती वेळा जेवलात?" आमची पद्धत अशी की एकाने तो तिथल्या भाषेत न्यायचा आणि मूळ प्रश्न न पाहिलेल्या दुसऱ्या कुणीतरी परत इंग्रजीत आणायचा. मग मी दोन्ही इंग्रजी वाक्यं शेजारी ठेवून अर्थ तोच राहिला का ते बघायचं. परत आलेलं वाक्य होतं, "काल तुम्ही किती वेळा न्सिमा खाल्ला?" कुठल्याही स्कॉटिश माणसाला ते खटकलं असतं. त्याने सँडविच खाल्लं तरी त्याचं लंच होतं. मला नाही खटकलं. जेवण म्हणजे भात-पोळी, त्यांचं जेवण म्हणजे न्सिमा, बरोबरच आहे की! केली खूण. तिच्याही कानाला ते गोडच लागलं होतं, कारण तिच्या घरी तसंच बोलतात. दोन खंडांतल्या दोघी एकाच दगडाला ठेचकाळलो आणि दोघींनाही लागल्याचं कळलं नाही.

पुढचे सगळे प्रश्न त्या चौदाव्यावर टांगलेले होते. पहिल्या जेवणात काय होतं, दुसऱ्यात काय होतं. म्हणजे नुसती रताळी उकडून खाल्लेली बाई सांगणार, "काल जेवले नाही," आणि प्रश्न तिथेच संपणार. रताळ्यांसाठी केलेल्या अभ्यासात रताळंच दिसणार नव्हतं.

माझा स्वभाव असा की आधी मार्ग काढायचा आणि मग पश्चात्ताप करायचा. मी म्हटलं, "हे बघ, घाबरू नकोस. कागद आहे तसा राहू दे. प्रश्न विचारणाऱ्या मुलींना ट्रेनिंगमध्ये तोंडी सांग की न्सिमाबरोबर बाकीचंही विचारा. कुणाला कळतंय?"

"मंजुरी या शब्दांना मिळालीये, अमायी. दुसरे शब्द मी त्या बाईच्या कानात कसे घालू?"

"बरं, मग किरकोळ दुरुस्ती म्हणून पाठव. किरकोळ असेल तर अध्यक्ष एकटे सही करतात, आठवड्यात येतं. नाहीतर पुढची बैठक थेट जानेवारीच्या शेवटी."

"एका शब्दाने अभ्यासाचं उत्तर बदलतंय. मग तो किरकोळ कसा?"

मला तिचा भयंकर राग आला. खरं सांगायचं तर राग माझाच आला होता, पण ती समोर होती. मी म्हटलं, "तत्त्वं घेऊन बस मग, आणि जा पदवीवाचून परत." तिने माझा डबा झाकणाने झाकला, का कोण जाणे, आणि उठून गेली. त्याच दुपारी तिने तिच्या देशाच्या समितीला पत्र पाठवलं. मला प्रत आली होती. त्यात लिहिलं होतं, 'ही मोठी चूक आहे आणि ती आमच्याकडून झाली आहे.' माझ्या खुणेचा उल्लेखही नव्हता.

घरी आले ती तशीच धुसफुसत. मुलगी इथेच जन्मलेली, कौन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, नोकरी करते आणि तिचं मराठी प्रेमळ पण लंगडं आहे. सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "आई, ऑनेस्टली, तू तिच्यावर का चिडतेस? तुझा चूक आहे ना?"

"तुझी चूक," मी सवयीने सुधारलं.

"माझा नाही, तुझा!"

व्याकरणाचा विषय तिथेच मिटला. मी लॅपटॉप उघडला आणि समितीला दुसरं पत्र लिहिलं. भाषांतर जुळवून बघणं हे माझं काम होतं, खूण मी केली, आणि का केली हे विचाराल तर सांगायला तयार आहे. प्रोफेसरांना प्रत पाठवली. त्यांनी पहिल्यांदाच डोळे उघडे ठेवून माझं काही वाचलं असावं.

समितीने विचारलं. जानेवारीची वाट न बघता त्यांनी तीन सभासदांची बैठक व्हिडिओवर ठेवली आणि आम्हा दोघींना बोलावलं. बाहेर ग्लासगोचा पाऊस आडवा पडत होता. तिथे पंखा फिरत होता. अध्यक्ष कोरडे आणि नेमके. त्यांच्या शेजारी एक वयस्कर बाई, गावांच्या वतीने बसणाऱ्या, आयुष्यभर बाळंतपणं केलेल्या. त्यांनी मला उपासाबद्दल विचारलं. भात चालत नाही, बटाटा चालतो, मिरची चालते, हळद चालत नाही, हे सांगताना मला स्वतःलाच ते एखाद्या सरकारी नियमावलीसारखं वाटायला लागलं. त्या मात्र गंभीरपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "हा प्रश्न आम्हीही वाचला होता. आम्हालाही तो बरोबर वाटला. तेव्हा तुम्ही एकट्याच मान खाली घालू नका."

मी आता न्सिमाचा शब्द काढून 'काल काय काय खाल्लं' एवढंच विचारूया, असा नवा मसुदा पुढे केला. त्या बाईंनी मान हलवली.

"काढू नका. दोन्ही विचारा. न्सिमा नसला तर ती जेवले नाही म्हणते, हे खोटं नाही. ती तिची भूक आहे. तीही लिहून घ्या. आणि आधी न्सिमाचं विचारा, मग बाकीचं. आधीच रताळ्याचं विचारलंत तर तिला वाटेल, तुम्ही तिची गरिबी मोजायला आलात."

मी माझा मसुदा बाजूला सारला. वीस वर्षांत किती समित्यांची पत्रं वाचली, आणि मनातल्या मनात त्यांना वेळखाऊ, शंकेखोर म्हणून किती नावं ठेवली. इथे एक बाई एका प्रश्नाची जागा ठरवत होती, तीसुद्धा परक्या अभ्यासासाठी, आणि तिच्या डोळ्यांसमोर अर्ज नव्हता, दारात बसलेली कुणी एक आई होती. मला त्या पडद्याला नमस्कार करावासा वाटला. केलाही. त्यांना तो बाय-बाय वाटला असावा, त्यांनी हात हलवला.

तरीही मंजुरी लगेच आली नाही. नवे शब्द पुन्हा तिकडे नेऊन परत आणावे लागले, आणि या वेळी जुळवून बघायला मी मुद्दाम एका स्कॉटिश सहकाऱ्याला बसवलं. त्याने प्रत्येक ओळीला नाक मुरडलं, आणि मी त्याला चहा पाजत राहिले. तिकीट दोनदा बदललं. यादीतली दोन गावं सोडावी लागली. नाताळच्या सुट्ट्या लागायच्या आदल्या दिवशी सुधारित पत्र आलं आणि ती जानेवारीत गेली. निरोप घेताना मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "तुमच्या डब्यामुळे कळलं, अमायी. नाहीतर मी मार्चमध्ये खोटी वही घेऊन परत आले असते."

पहिल्या गावातलं काम सुरू झालं त्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला. आवाज तुटत होता, मागे कोंबड्या ओरडत होत्या. मला राहवेना. मी विचारलं, "पहिली बाई काय म्हणाली?"

"ते मी तुम्हाला सांगू शकत नाही."

"अगं, मीच तर फॉर्म केलाय!"

"फॉर्म तुम्ही केलात. उत्तरं ऐकायची परवानगी तुमच्या नावावर नाहीये." मग कोंबड्यांपासून जरा लांब सरकत म्हणाली, "एवढं सांगते. न्सिमाच्या प्रश्नाला सगळ्याजणी नाही म्हणाल्या. सगळ्या. जुना कागद असता तर तिथेच उठून यावं लागलं असतं. दुसरा विचारला तेव्हा एक बाई उठली, परसात गेली आणि दाखवायला वेलच उपटून घेऊन आली."