मार्थामावशीची ज्वारी

काल बायकोनं कोठीतल्या ज्वारीत वाळलेला कडुनिंबाचा पाला घातला. झाकण उघडताच तो कडवट वास आला आणि पंचवीस वर्षांपूर्वीचा रविवार समोर उभा राहिला.

पेडगावात आमची चारच ख्रिस्ती घरं. दळण काढताना बायका दर वेळी एक मूठ ज्वारी बाजूला ठेवायच्या आणि रविवारी ती कुणा आजारी माणसाकडं जायची. त्या दिवशी पाळकसाहेबांनी पिशवी माझ्या हाती दिली. ताडकळसला एकट्या राहणाऱ्या मार्थामावशीला ताप होता. मी मोटारसायकलवर निघालो, वाटेत मित्राकडं क्रिकेटची मॅच बघत बसलो आणि तिथूनच परतलो. पिशवीतली ज्वारी गुपचूप घरच्या कोठीत, कडुनिंबाच्या पाल्यात ओतली. "बरी हाय मावशी," असं सगळ्यांना सांगितलं. म्हणून दुसरं कुणी गेलंच नाही.

गुरुवारी शेजारणीचा निरोप आला. आम्ही पोचलो तेव्हा मावशी बाजेवर पडून होती, ओठ फुटलेले, उशाचा तांब्या कोरडा.

"कुणीच न्हाई आलं," ती म्हणाली.

"तापात बडबडायलीय," पाळकसाहेब हळूच म्हणाले. "हा रविवारीच येऊन गेला की. काय रे?"

मी "हो" म्हणालो.

मावशीनं माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. "आसंल बाबा. माझ्याच ध्यानात न्हाई."

शनिवारी ती गेली. देव आपल्या लेकराला एकटं टाकत नाही, असं पाळकसाहेब तिच्या मातीच्या वेळी म्हणाले. ते खरंच होतं. देवानं रविवारीच माणूस धाडला होता. तो माणूस मी होतो.