मिलेंबेची धास्ती

मिलेंबे भिणाऱ्यांतली नव्हती. ताबोराच्या जंगलात नवऱ्याबरोबर मध काढायला जायची, झाडावर चढून मधमाश्यांची सालीची पोकळ पेटी दोरानं खाली सोडायची, आणि माशी चावली तर शिवी हासडून पुढच्या फांदीला हात घालायची. "हिला भीती द्यायचं देव विसरला," असं गावातल्या बाया म्हणायच्या.

मग तिला मुलगी झाली, वांडे. पोर बसायला लागली तेव्हा तिच्या पोटावर तपकिरी डाग उमटले, मग पाठीवर, मांड्यांवर. कापड घासलं की ते गांधी उठल्यासारखे फुगायचे. एखाद्यावर पाण्याचा फोडही यायचा. शेजारीण पोरीला घ्यायला वाकली होती, ती डाग बघून तशीच सरळ झाली.

"लागण असेल गं," म्हणाली, आणि आपल्या लेकराला हाक मारून घरात घेऊन गेली.

सासूचं, कबुलाचं, मत वेगळं. "मळ साचलाय. तुला न्हाऊ घालता येत नाही, दुसरं काय!" तिनं पाला उकळला, कढत पाण्यात फडकं बुडवलं आणि नातीची पाठ खसाखसा घासली. वांडे किंचाळली, डोक्यापासून पायापर्यंत लालभडक झाली आणि एकदम गप्प पडली. मान लुळी.

"आई, काय केलंत हो!"

मिलेंबे पोरीला छातीशी धरून दवाखान्याकडे पळत सुटली. वाटेत पोरीनं डोळे उघडले, पण मिलेंबेचे पाय थांबेनात.

दवाखान्यानं त्यांना शहरातल्या कातडीच्या डॉक्टरकडे धाडलं. त्यानं पेनाच्या टोकानं एक डाग हलकेच चोळला. बघता बघता तो उठून आला.

"कुष्ठरोग नाही, लागण नाही, करणीबिरणी तर नाहीच," तो म्हणाला. "कातडीत एका जातीच्या पेशी नको तेवढ्या गोळा झाल्यात. चोळलं, तापवलं की चिडतात. बहुतेक मोठी होईतो डाग जातील. तोवर कढत पाणी नको, विचारल्याशिवाय दुखण्यावरची गोळी नको. आणि मधमाशीपासून जपा. एखादीही जिवावर बेतू शकते."

"माझा नवरा मध काढतो, डॉक्टर."

डॉक्टरनं औषध लिहून दिलं आणि पोर कोसळली तर काय करायचं ते दोनदा समजावलं.

त्या दिवसापासून मध घरात यायचा बंद झाला. अंगणात काही गुणगुणलं तरी मिलेंबे पोरीला उचलून घरात न्यायची. कबुला नातीला हातसुद्धा लावेना. लांब बसून नुसती बघायची.

वांडे चालती-बोलती झाल्यावरची गोष्ट. न्कवाबी, तिचा बाप, दुपारी जंगलातून परतला. पोर धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडली. त्याच्या कॉलरच्या घडीत एक माशी अडकून राहिली होती.

"बाबा, टोचलं," एवढंच वांडे म्हणाली. ओठ सुजले, श्वास घरघरू लागला, डोळे फिरले.

"आडवं झोपव! पाय वर धर! औषध पाजू नकोस, आता तिला गिळता यायचं नाही!" मिलेंबे ओरडली. न्कवाबी पोरीला हातांत घेऊन तसाच उभा होता. "अरे वांडेच्या बापा, सायकल काढ!"

दवाखान्यातल्या नर्सनं मांडीत सुई दिली. मिलेंबे पोरीची छाती वरखाली होते का, एवढंच बघत राहिली. बऱ्याच वेळानं वांडेनं पाणी मागितलं, तेव्हा न्कवाबी भिंतीला टेकून खाली बसला आणि रडला.

पुढे तो ओढ्यावर अंघोळ करून, कपडे झटकून, धुऊनच घरी यायचा. दारात मिलेंबे त्याची कॉलर उलटून पाहायची. कबुला म्हणायची, "पाठ पण बघ गं त्याची."

आता वांडे बापाच्या खांद्याला लागली आहे. डाग जवळजवळ गेलेत. परवा ती म्हणाली, "आई, मला जंगलात यायचंय. तू तर झाडावर चढायचीस म्हणे."

"कोण म्हणतं?" मिलेंबे म्हणाली, आणि तिचा हात घट्ट धरून ठेवला.