एका बोटाचा ब्रेक

पालघरजवळच्या माहीमचा प्रफुल्ल तामोरे जन्मापासून बोटीवरचा माणूस. बाप खलाशी, आजा खलाशी, आणि प्रफुल्लही चाळिशीला टेकेपर्यंत जाळी ओढत राहिला. एका पहाटे दोराचा फेर त्याच्या उजव्या हाताभोवती आवळला आणि कोणीतरी दोर ओढणारं विंचयंत्र बंद करेपर्यंत करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. मधलं बोट वाचलं, पण वाळक्या काटकीसारखं ताठ झालं. अंगठा आणि तर्जनी तेवढी धड राहिली.

दवाखान्यातून घरी आल्यावर तो ओटीवर बसून हाताकडे बघत राहायचा. जाळं विणायचं म्हटलं तर सुई धरवेना. त्याची बायको दीपिका पालघरच्या बाजारात मासळी विकायची. तिने ते बसणं थोडे दिवस पाहिलं आणि एकदा टोपली खाली ठेवून म्हणाली, "तुमी सारखं गेलेल्या बोटांकडं बघताय. उरलेल्या तिघांनी काय पाप केलंय?"

उरलेल्या तिघांना काम तिनेच शोधलं. पालघरहून मनोरला जाताना लागणाऱ्या वाघोबा खिंडीपलीकडच्या पाड्यांवर ताजी मासळी क्वचितच पोचते, हे बाजारात येणाऱ्या बायांकडून तिला कळलं होतं. मोटारसायकल प्रफुल्लला जमेना, अ‍ॅक्सिलरेटर पिळून धरला की मनगटापासून कळा यायच्या. पण दीपिकाचा भाऊ हितेश तारापूरच्या कारखान्यात कामाला होता, आणि त्याने पोट कमी करायला म्हणून गिअरची, जाड टायरांची, डिस्क ब्रेकची सायकल घेतली होती. पोट कमी झालं नाही, सायकलीवर टॉवेल मात्र छान वाळायचे. त्याने ती आनंदाने देऊन टाकली. प्रफुल्लने मागे लोखंडी कॅरिअर बसवून घेतलं, त्यावर बर्फाचा क्रेट बांधला आणि सातपाटीच्या बंदरावरून बोंबील, मांदेली, बांगडा घेऊन तो खिंड चढायला लागला.

पहिल्या चढाला छातीचा भाता झाला. पण पाड्यावर पोचला तेव्हा बाया परात घेऊन धावत आल्या, आणि अपघातानंतर पहिल्यांदाच त्याला बोटीवरून घरी आल्यासारखं वाटलं. आपण अजून कोणाच्या तरी चुलीला उपयोगी आहोत, या विचाराने त्याला त्या दिवशी परतीचा चढ जाणवलासुद्धा नाही.

वर्षभर असं चाललं. मग पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठली, बोटी पुन्हा पाण्यात गेल्या, आणि प्रफुल्लच्या सायकलीचे ब्रेक ओरडायला लागले. साधं ओरडणं नव्हे. लिव्हर दाबली की डुकराचा पाय मोडल्यासारखी किंकाळी उठायची. पाड्यावरची पोरं त्याच्या आरोळीआधीच त्या आवाजावरून "म्हावरंवाला आला!" म्हणायला लागली.

प्रफुल्लला त्याची लाज वाटायची. बोटीवर कुरकुरणाऱ्या कुठल्याही गोष्टीला एकच औषध असतं, ते म्हणजे तेल. कप्पी वाजली, तेल. सुकाणू अडलं, तेल. एका संध्याकाळी त्याने मशीनच्या तेलाची बुधली घेतली आणि पुढच्या-मागच्या दोन्ही डिस्कवर मायेने चार-चार थेंब सोडले, वर फडक्याने पसरवूनही दिले. चाकं फिरवून पाहिली. आवाज एकदम बंद. तो खुशीत जेवायला बसला.

दुसऱ्या दिवशी माहीमहून सातपाटी आणि तिथून पालघरपर्यंत सपाट रस्ता, रहदारी कमी, ब्रेकची गरज फारशी पडली नाही. खिंडीच्या चढाला तर ब्रेक लागतोच कशाला? माथ्यावर वाघोबाच्या देवळाशी तो थांबला, हात जोडले, पाणी प्यायला आणि मनोरच्या बाजूने उताराला लागला.

पहिल्या वळणाआधी त्याने लिव्हर दाबली. सायकलीने ऐकलं नाही.

त्याने दोन्ही हातांनी जीव खाऊन दाबलं. उजव्या हातात जोर कितीसा येणार? लिव्हर मुठीला टेकली तरी चाकं लोणी लावल्यासारखी गुळगुळीत फिरत होती. मागे भरलेला क्रेट, खाली ओला रस्ता, पुढे एक ट्रक हळूहळू उतरत होता आणि समोरून एसटी चढत होती. प्रफुल्लने चपला रस्त्यावर घासल्या. एक चप्पल गेली. ट्रकची पाठ मोठी मोठी होत आली, आणि डाव्या बाजूला रस्त्याच्या थोडं खाली हिरवंगार भाताचं शेत दिसलं. त्याने देवाचं नाव घेतलं आणि हँडल वळवलं.

गटार, बांध, आणि मग चिखल. सायकल पोटापर्यंत रुतली, प्रफुल्ल तिच्यावरून पुढे भातात पडला, आणि क्रेट त्याच्याही पुढे गेला.

बांध दुरुस्त करत असलेला म्हातारा फावडं टाकून धावत आला. तो महादू, शेताचा मालक. त्याच्या मागून त्याची बायको गोदूबाई आली. प्रफुल्लने डोळ्यांतला चिखल पुसला तेव्हा त्याला पहिल्यांदा दिसलं ते आडवं झालेलं भात, एक भला लांब पट्टा. आता शिव्या बसणार, म्हणून त्याने हात जोडले. "काका, तुमचं भात आडवं केलं मी."

महादूने त्याला काखेत हात घालून उठवलं. "आडवं भात उभं ऱ्हातं रं. तू त्या ट्रकाखाली आडवा झाला आसतास, मंग तुला कोन उभा करनार व्हता?"

गोदूबाई मात्र कमरेवर हात ठेवून पाण्यात विखुरलेल्या मासळीकडे बघत होती. "पावसात आमच्या शेतात मासं चढतात, नाय कशाला म्हनू," ती म्हणाली, "पर बोंबील कवाच चढला नवता!"

आणि प्रफुल्लला हसू फुटलं. गुडघा सोललेला, पायात एकच चप्पल, आणि तो भातात उभा राहून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत सुटला. त्यातलं पाणी किती हसण्याचं आणि किती भीतीचं, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

गोदूबाईने त्याच्या गुडघ्यावर हळद दाबली आणि कोरा चहा पाजला. तेवढ्यात पाड्यावरची माणसं जमली. त्यांनी चिखलातून मासळी वेचली, ओढ्याच्या पाण्यात धुतली, आणि एकेकाने आपापल्या घरासाठी विकत घेऊनही टाकली. कोणी "मासळी मातीत पडली" म्हणून नाक मुरडलं नाही. महादूने सायकल खांदा लावून खिंडीच्या माथ्यापर्यंत ढकलत आणली, एका टेम्पोला हात केला, सायकल वर चढवली आणि म्हणाला, "परत ये. पर आडरस्त्यानं नको, रस्त्यानं ये."

घरी दीपिकाने सगळं ऐकून घेतलं. मग डिस्कवरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं. "हे तर मशीनचं तेल! ब्रेकाला तेल लावलं तुमी?"

"ओरडत होता," प्रफुल्ल ओशाळून म्हणाला.

"ओरडत व्हता तो जीव तोडून. तुमी त्याचं तोंड बंद केलं." ती आधी रागावली, मग रडली, आणि शेवटी त्याचा अर्धा हात आपल्या दोन्ही हातांत धरून बसली. सायकल भंगारात द्या, असं ती म्हणेल असं त्याला वाटलं होतं. ती म्हणाली, "गेलेली बोटं काय बाजारात मिळत नाय. ब्रेक मिळतो. उद्या बोईसरला जाऊ."

बोईसरला कमलेशचं सायकलचं दुकान. तारापूरच्या कारखान्यांतले हौशी सायकलवाले त्याच्याकडे येत. कमलेशने दोन्ही चाकं काढली, पॅड बाहेर काढून उजेडात धरले. ते काळे, चकचकीत झाले होते.

"दादा, तुमच्या तेलाने शेवटचा घाव घातला, पण सुरुवात आधीच झालीय," तो म्हणाला. "मागची डिस्क बघा, बरोबर क्रेटखाली. बर्फाचं पाणी, माशाचं तेल, सगळं थेंब थेंब हिच्यावर. पॅड तेल पितात, आणि एकदा प्यायले की धुऊन जात नाही. डिस्क स्पिरिटने पुसून वाचेल. पॅड टाकायचे."

मग निवडायची वेळ आली, आणि प्रफुल्लला वाटलं होतं तेवढी निवड सोपी निघाली नाही. कमलेशने दोन प्रकारचे पॅड काउंटरवर ठेवले. एक मऊ, रेझिनचे: लगेच धरतात, आवाज करत नाहीत, पण पावसाचिखलात लवकर झिजतात आणि लांब उतारावर तापले की ढिले पडतात. दुसरे धातूचे: पाण्याला, उष्णतेला दाद देत नाहीत, टिकतात, पण गार असताना थोडे ओरडतात, आणि साध्या डिस्कला खाऊन टाकतात. सायकलीच्या जुन्या डिस्कवर तसं बारीक अक्षरांत कोरलेलंच होतं, फक्त रेझिनचे पॅड वापरा.

"ओरडले तर ओरडू द्या," दीपिका मध्येच म्हणाली. "थांबायचं काय ते सांगा."

कमलेश हसला. मग त्याने प्रफुल्लचा उजवा हात मागितला. इतक्या दिवसांत तो हात कोणी असा सरळ मागितला नव्हता. लोक नजर चुकवायचे. कमलेशने तर्जनी वाकवून पाहिली, तिचा जोर जोखला, आणि दुकानातल्या दुसऱ्या एका सायकलीच्या लिव्हरवर ती ठेवली. "दाबा. या एकाच बोटाने."

प्रफुल्लने दाबलं. चाक जागच्या जागी थांबलं. त्याने सोडलं, परत दाबलं. जोर असा लागलाच नाही.

"हायड्रॉलिक," कमलेश म्हणाला. "तार नाही, नळीत तेल. ते तेल जोर पोचवतं."

"म्हणजे तेल लागतंच की!" प्रफुल्ल म्हणाला.

"लागतं, पण नळीच्या आत. डिस्कवर एक थेंब नको."

प्रफुल्लला ते लगेच कळलं; बोटीवरच्या यंत्रात असलंच तेल जोर वाहून नेताना त्याने पाहिलं होतं. तरी त्याला एक शंका होती. "पाड्यावर बिघडला तर तिथं कोण बघणार?"

कमलेशने पुढच्या दांड्यावर बोट ठेवलं. "म्हणून फक्त पुढेच बसवू. पुढचा ब्रेक उजव्या हातात असतो, आणि उतारावर खरं काम तोच करतो. तिथे हायड्रॉलिक, मोठी डिस्क, धातूचे पॅड. मागे तारेचाच ठेवू, रेझिनचे नवे पॅड घालून. तुमचा डावा हात भक्कम आहे, आणि तार तुटली तर कुठेही बदलता येते. दोघांतला एक तरी कायम तुमच्या बाजूने उभा राहील."

मोठी डिस्क पुढच्या दांड्याला पेलेल का, तेही त्याने आधी तपासलं. लिव्हर मुठीच्या जवळ आणून प्रफुल्लच्या तर्जनीच्या मापात बसवली. सगळं झाल्यावर बजावलं, "नवे पॅड आधी डिस्कशी रुळू द्या. सपाट रस्त्यावर वेग घ्या, दाबा, पण पूर्ण थांबू नका, परत वेग घ्या. पुन्हापुन्हा. आज लगेच खिंडीत जाऊ नका."

माहीमच्या वाडीतल्या रस्त्यावर प्रफुल्ल दुपारभर हेच करत राहिला. सायकल पळवायची, दाबायची, सोडायची. दीपिका कुंपणाशी उभी राहून बघत होती. पहिल्यांदा पकड नुसती पुळचट होती, मग प्रत्येक खेपेला जरा जरा घट्ट होत गेली, आणि शेवटी त्याने बोट नुसतं टेकवलं तरी पुढचं चाक अदबीने मंद व्हायला लागलं.

क्रेटचं काम त्याने स्वतः केलं. तळ फायबरने बंद केला, बोटीची भोकं बुजवतात तसा, आणि बर्फाचं पाणी एका नळीने उजव्या बाजूला लांब सोडलं, कारण डिस्क डावीकडे होती. तीन बोटांनी फायबर लावायला वेळ लागला, पण एक थेंब झिरपला नाही.

पुढल्या खेपेला खिंडीच्या माथ्यावर तो देवळाशी थांबला. बराच वेळ तो निघेचना. मग तर्जनी लिव्हरवर ठेवून हळूच सुटला. दुसऱ्या वळणाला गुरं रस्त्यात उभी होती. त्याने बोट वाकवलं, डाव्या हाताने मागचा धरला, आणि सायकल गुरांच्या चार हात अलीकडे थांबली. क्रेट हललासुद्धा नाही. एका म्हशीने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि चालू पडली. प्रफुल्ल तिथेच एक पाय टेकून उभा राहिला. बापाने दिलेलं, समुद्राने घेतलेलं, बायकोने शोधलेलं, एका अनोळखी म्हाताऱ्याने चिखलातून उचललेलं असं सगळं आपलं आयुष्य, आणि आज ते एका बोटावर तोललं गेलं, असं त्याला वाटलं.

भात कापणीला आलं तेव्हा तो दोन दिवस धंदा बंद ठेवून महादूच्या शेतावर गेला. विळा त्याला धरवेना, म्हणून गोदूबाईने त्याला भारे वाहायला लावलं. आडवं झालेलं भात खरंच बरंचसं उभं राहिलं होतं. जे राहिलं नव्हतं, त्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही.

थंडी पडल्यावर महादू आणि गोदूबाई नवे तांदूळ घेऊन माहीमला आले. इतकी वर्षं डोंगरापलीकडे राहून त्यांनी समुद्र फक्त लांबून पाहिला होता. दीपिकाने तांदळाच्या भाकऱ्या केल्या, ओले बोंबील तळले. जेवण झाल्यावर चौघं किनाऱ्यावर गेले. गोदूबाईने लुगडं गुडघ्यापर्यंत उचललं, लाट पायावरून गेली तशी ती दचकून मागे सरली आणि महादूच्या दंडाला धरून ओरडली, "ओढतंय की मला!"

"घाबरू नका मावशी," दीपिकाने पुढे होऊन तिचा हात धरला, "आमी हाय ना."

प्रफुल्ल मागे वाळूवर उभा होता. त्याने समुद्राला दोन्ही हात जोडले, उजवा जसा होता तसाच, आणि कोणाला ते दिसलं नाही याचं त्याला बरं वाटलं. मग त्याने पँट दुमडली आणि तोही पाण्यात शिरला.