बिनपाण्याचा बगीचा

कुणी तांब्या घेऊन वाफ्याकडे निघालं की आमचे जमादार दोन्ही हात आडवे पसरून उभे राहायचे. "पानी घालू नगा! झाड लाडावतंय!"

निजामाच्या अमदानीत मी तालुक्याच्या कचेरीत नक्कलनवीस होतो. जमादार मूळचे चकलांब्याचे. चपराशांवर त्यांची हुकमत आणि कचेरीपुढच्या बगीच्यावर जीव. बगीचा म्हणजे काय, तर मुरमात लावलेली कोरफड, पानफुटी आणि जाड पानांची वीतभर उंचीची आणखी काही झाडं. विहिरीनं तळ गाठला तरी हे सगळं हिरवंगार! पण आपल्या लोकांना तुम्ही ओळखताच. पुण्य लागावं म्हणून येता-जाता पाणी ओतायचे. मुळं कुजली की जमादार सुतकात बसायचे.

एकदा औरंगाबादहून सुभ्याचे मोठे अधिकारी, सुभेदारसाहेब, यांचा दौरा ठरला. कचेरीचा कारभार पाहणाऱ्या पेशकारांनी बगीचा पाहून कपाळाला हात लावला. "एक फूल नाही याला! उपटून टाका."

"साहेब, मला उपटा," जमादार म्हणाले, "पर त्येला हात लावू नगा."

पेशकार विरघळले, पण बिनफुलाचा बगीचा साहेबांना दाखवायचा कसा? त्यांनी कोरफडीच्या टोकाटोकांवर झेंडू खोचून ठेवले. कोरफड अगदी नवरीसारखी नटली!

सुभेदारसाहेब थबकले. "ये कौनसा फूल है?"

पेशकारांना घाम फुटला. जमादारांनी हात जोडले. "हुजूर, फूल झेंडू का है. झाड हमारा है. पानी नै मंगता."

साहेब पोट धरून हसले. आम्हीही हसलो, पण साहेब हसल्यावर. असा माणूस आपल्या बंगल्यावरच हवा, असं साहेबांच्या मनानं घेतलं आणि जमादारांना औरंगाबादला जाण्याचा हुकूम निघाला. बगीचा वाचला, जमादार गेले. बढती मिळाली म्हणून रडणारा माणूस मी तो एकच पाहिला.

पुढे कामानिमित्त औरंगाबादला गेलो, तेव्हा त्यांना बंगल्यावर भेटलो. तिथे नहरीचं, म्हणजे जमिनीखालच्या कालव्याचं, पाणी बारमाही. जमादारांच्या अंगावर नवा कोरा पट्टा, भोवती गुलाबच गुलाब आणि चेहरा पडलेला. सोबत नेलेली कोरफड तिथल्या माळ्यानं पाणी पाजून पाजून कुजवली होती. मला फार वाईट वाटलं.

"आपल्याकडं पाऊस झाला का?" त्यांनी विचारलं.

"थेंब नाही."

"मग बेस आसतील की झाडं!" त्यांचा चेहरा उजळला. लगेच गावची माणसं आठवून त्यांनी स्वतःच्या दोन्ही गालांवर चापट्या मारून घेतल्या. "तोबा, तोबा! काय बोललो म्या हे! पडू दे रे देवा, लई पडू दे!"

मग आवाज खाली आणून म्हणाले, "फकस्त कचेरीपुढं जरा कमी."