सातवी शेंग

फोन शाळेत आला. माझा तिसरा तास चालू होता आणि शिपाई दाराशी येऊन म्हणाला, "बाई, दीपनगरहून फोन आहे, हेडसरांच्या खोलीत." पलीकडे माझ्या भावाचे शेजारी बोलत होते. सकाळी ड्यूटीवरून आले, चहा मागितला, आणि चहा येईपर्यंत... असं काहीसं ते सांगत होते. मी विचारलं, कोण बोलतंय? त्यांनी नाव सांगितलं. मी पुन्हा विचारलं. मग मी म्हटलं, वहिनींना फोन द्या. ते म्हणाले, त्या बोलण्याच्या अवस्थेत नाहीत. मी मनात म्हटलं, वा, तयारी चांगली केली आहे. पावणेदोन वर्षं मी भाऊशी बोलत नव्हते आणि मला बोलावून घ्यायला त्यानं ही युक्ती काढली, अशी माझी पक्की खात्री झाली. धुळ्याहून बसमध्ये बसले तेव्हा पिशवीत एकच लुगडं होतं, कारण दुसऱ्या दिवशी परतायचं होतं. एरंडोलपर्यंत मी त्याच्याशी मनातल्या मनात भांडत होते, जळगाव आलं तेव्हा त्याला माफही करून टाकलं होतं. भुसावळ सोडून कॉलनीच्या रस्त्याला लागले आणि त्याच्या क्वार्टरसमोर माणसं उभी दिसली, नुसती उभी, कोणी कोणाशी न बोलणारी. तेव्हा पहिल्यांदा त्या फोनवर माझा विश्वास बसला.

त्याला दीड महिना झाला. सुधाकर हे त्याचं नाव, पण घरात आणि बाहेर सगळे भाऊच म्हणत. विजेच्या कारखान्यात बॉयलरवर ऑपरेटर होता. आमच्या घरात वारसा म्हणून कोणाला सोनंनाणं मिळालं नाही, संशय मात्र दोघांनाही भरपूर मिळाला, आणि थोरला म्हणून त्याच्या वाट्याला जरा जास्त आला. दूध पातळ आहे म्हणून तो दूधवाल्याच्या घरी जाऊन म्हैस बघून आला होता. म्हैस बघितल्यावर म्हणाला, म्हैस चांगली आहे, माणूस बरोबर नाही. नवीन मडकं घेताना तो इतक्या वेळा बोटानं वाजवायचा की कुंभारीण म्हणायची, भाऊ, भजनाले बसनात का?

हे सगळं सुरू झालं ते पिंपळनेरच्या यात्रेत. नाना, म्हणजे आमचे वडील, तिथं शाळामास्तर होते. यात्रेत तंबूतला सिनेमा यायचा. एका वर्षी त्यात प्रचंड जनावरांचा एक परदेशी सिनेमा होता. मातीची जनावरं असावीत बहुतेक, हालताना अडखळत होती, पण आम्हाला काय त्याचं. भाऊ अकरा वर्षांचा, मी सहाची. शेवटी एक लांब मानेचं जनावर दरीच्या कडेला येऊन उभं राहिलं, आणि तेवढ्यात तंबूतले दिवे लागले. खेळ संपला म्हणे. भाऊ जागचा हलेना. पुढे काय झालं, ते पडलं की वाचलं? तंबूवाल्यानं त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. नंतर यात्रेतल्याच कोणीतरी सांगितलं की पुढच्या गावाला जायची घाई असली की शेवटचं रीळ लावतच नाहीत. त्या दिवसापासून भाऊ आयुष्यभर दोन गोष्टींचा झाला, त्या जनावरांचा आणि संशयाचा. पुस्तकांतली चित्रं कापून त्यानं पत्र्याची एक पेटी भरली होती. ती अवघड नावं त्याला आमच्या नातेवाइकांच्या नावांपेक्षा चांगली पाठ होती.

दीपनगरला नोकरी लागल्यावर भुसावळच्या एका सिनेमा ऑपरेटरशी त्यानं मुद्दाम दोस्ती केली आणि त्याच्याकडून एक विद्या शिकून घेतली. रीळ संपायला आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक गोल ठिपका चमकतो. वर बसलेल्या ऑपरेटरला दुसरं मशीन चालू करायची ती खूण. आणि सिनेमा किती रिळांचा, ते सुरुवातीच्या सेन्सॉरच्या दाखल्यावरच लिहिलेलं असतं. शेवटच्या रिळाला ठिपका नाही, म्हणजे आठ रिळं असतील तर ठिपके सात. झालं. तेव्हापासून भाऊ सिनेमाला भुईमुगाच्या शेंगा घेऊन जायला लागला, खायला नव्हे. दाखला वाचून झाला की ठिपक्यांएवढ्या शेंगा मोजून सदऱ्याच्या उजव्या खिशात, आणि प्रत्येक ठिपक्याला एक शेंग डाव्या खिशात. सिनेमा संपला आणि उजवा खिसा रिकामा असला की तो समाधानानं उठायचा. सिनेमा कसा होता, हा त्याच्या दृष्टीनं नंतरचा प्रश्न.

तरी एकदा तो फसलाच. अमळनेरला राक्षसी सरड्याचं चित्र लावून एक सिनेमा आला होता, ऐंशीच्या आसपासची गोष्ट. भाऊ दीपनगरहून धावत गेला. आत अस्वल निघालं. सगळे ठिपके बरोबर भरले, पण जनावर अस्वल. त्यावर तो म्हणाला होता, "ठिपका बठ्ठा खरा, पोस्टर खोटं. आते पोस्टरलेबी शेंगा मोजाना का?"

म्हणून डायनोसॉरचा तो मोठा, जगभर गाजलेला सिनेमा हिंदीत बोलत जळगावात आला तेव्हा भाऊ आधी दोन दिवस बाहेर उभा राहून, पाहून आलेल्यांना विचारत होता की आत नक्की तीच जनावरं आहेत ना. मग त्यानं तो पाच वेळा पाहिला. तो सिनेमा पाहून तो मला धुळ्याला भेटायला आला आणि आमच्या ओट्यावर बसून, इतक्या वर्षांनी, म्हणाला की दरीच्या कडेला उभं असलेलं ते जनावर वाचलं असणार. एवढ्या चांगल्या मूडमध्ये मी त्याला लग्नातही पाहिलं नव्हतं.

त्याचाच दुसरा भाग येणार अशी बातमी आली आणि भाऊचा संशय पुन्हा जागा झाला. "जो माणूस जीव लईसन पळना, तो परत तठेच जाई का? त्याले कोन्हीतरी फसाडीसन लई गया व्हई." पहिल्याला लोक आले म्हणून दुसरा काढला, गोष्ट होती म्हणून नाही, असं त्याचं म्हणणं. सकाळची खिचडी संध्याकाळी फोडणी देऊन वाढली तरी ती सकाळचीच. पण पाहणार तर होताच. आणि पाहणार होता मला घेऊन.

इथं मला माझं सांगावं लागतं. त्याआधी आठ महिने माझे यजमान स्कूटरच्या अपघातात गेले होते. वर्षश्राद्ध व्हायचं होतं. आमच्याकडे ते वर्ष होईपर्यंत घरात गोडधोड नाही, कुठल्या कार्याला जाणं नाही, आणि सिनेमा तर कोणी मनातही आणत नाही. मी शाळेत जायची, घरी यायची, सासूबाईंना जेवायला वाढायची. आठ महिन्यांत मी हसले नव्हते, आणि हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. भाऊच्या आलं होतं. वहिनीची तब्येत बरी नाही असं सासूबाईंना सांगून तो मला जळगावला घेऊन गेला, दुपारच्या तीनच्या खेळाला. मी पदर पुढे ओढून बसले होते. कोणी पाहील, कोणी ओळखेल... प्रत्येक खोकल्याला मी दचकत होते. शेजारी भाऊ सात शेंगा मोजत होता.

सिनेमात जनावरं खूप होती. एका लठ्ठ माणसाच्या तंबूत एक कोंबडीएवढा डायनोसॉर शिरतो, त्याचा जेवणाचा डबा तोंडात धरून पळतो, आणि तो माणूस डब्यासाठी ओरडत त्याच्यामागे धावतो. मग मागे वळून बघतो तर तसलेच पन्नास. तो थेट झाडावर. त्याची ती हिंदी, ते धावणं... अख्खं टॉकीज हसलं. मीही हसले असेन. एवढंच मला आठवतं.

खेळ संपला आणि भाऊनं उजव्या खिशात हात घातला. एक शेंग शिल्लक होती. त्याचा चेहरा पाहून मी घाईनं पदर सावरत उठले. "एक रीळ कापी टाकं यासनी," म्हणत तो तडक मॅनेजरच्या खोलीकडे गेला. मी जिन्यापाशी थांबले. आत काय बोलणं झालं ते मला नीट ऐकू आलं नाही, आवाज मात्र चढत गेले आणि बाहेर पडणारे लोक थांबून बघायला लागले. दारातून दिसलं ते एवढंच, भाऊनं पुरावा म्हणून ती शेंग टेबलावर ठेवली, मॅनेजरनं ती उचलली, फोडली आणि खाल्ली. "घ्या, आता बरोबर झालं," तो म्हणाला. लोक हसले. भाऊनं टेबलावर हात आपटला, डोअरकीपरनं त्याला कॉलरला धरून पायऱ्यांवरून खाली आणलं, माझ्यासमोर. त्या गर्दीत माझ्या नणंदेच्या सासरचा एक माणूस उभा होता. तो भाऊकडे नाही, माझ्याकडे बघत होता.

बसस्टँडवर मी भाऊला म्हणाले, मी सगळा सिनेमा पाहिला, कुठे काही कापलेलं नव्हतं. तुला संशयाचा रोग आहे, आणि आज त्या रोगापायी तू माझी अब्रू घालवलीस. तो म्हणाला, "सुमी, तूबी त्यासना बाजूनी?" त्यावर मी एकटीच धुळ्याच्या बसमध्ये चढले. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून येईपर्यंत बातमी घरी पोचली होती. पानात भाकरी वाढताना सासूबाईंनी फक्त विचारलं, "कसा होता शिनेमा?"

मी भाऊशी बोलणं सोडलं. पत्रं आली, ती फोडली नाहीत. राखी पाठवली नाही. पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तो आला. खानदेशात आखाजीला बहीण माहेरी जायचीच आणि भाऊ मुराळी होऊन तिला न्यायला यायचाच. इतक्या वर्षांत त्यानं एकदाही ते चुकवलं नव्हतं. मी खिडकीतून त्याला येताना पाहिलं आणि शेजारणीला सांगितलं, म्हणावं बाई नाशिकला गेल्या. तो ओट्याखाली थोडा वेळ उभा राहिला. माझ्या चपला दारातच होत्या, त्याच्या पायांपासून दोन हातांवर. म्हैस बघून येणारा माणूस तो. पण त्यानं चपलांकडे पाहिलं, आंब्यांची पिशवी शेजारणीकडे दिली आणि बरं म्हणून निघून गेला. आयुष्यात एकदाच त्यानं सांगितलेली गोष्ट तपासून पाहिली नाही.

बारावा झाल्यावर वहिनीनं मला आतल्या खोलीत बोलावलं आणि ती पत्र्याची पेटी उघडली. चित्रांवर एक रुमालाची पुरचुंडी होती. आत शेंगा, वाळून हलक्या झालेल्या. मी मोजल्या. सात.

वहिनी सांगत होती. जळगावनंतर दोन महिन्यांनी तोच सिनेमा भुसावळला आला आणि हे एकटेच पाहून आले. आल्यावर जेवले नाहीत. मग म्हणाले, "रीळ बठ्ठा व्हतात. मीच देखं नही." जळगावच्या मॅनेजरला ते एवढंच विचारत होते, की तो जाड्या झाडावर कसा चढला, मधलं कुठे गेलं? भुसावळला तो डबा पळवल्याचा भाग आला, लोक हसले, आणि त्यांना आठवलं की जळगावलाही लोक असेच हसले होते. "तवय सुमी हाशी राहिंती. मी तिनाकडे देखी राहिंतू." ते माझ्याकडे बघत होते, ठिपका तेव्हाच येऊन गेला. दुसऱ्याच दिवशी ते जळगावला जाऊन त्या मॅनेजरची माफी मागून आले. मॅनेजरला ते भांडण आठवतही नव्हतं. आखाजीला धुळ्याला आले ते भुसावळच्या खेळातल्या या सात शेंगा घेऊन, मला सांगायला.

मी त्याचीच बहीण. ऐकता ऐकता माझ्या मनात आलं, वहिनी हे माझ्या समाधानासाठी रचून सांगते आहे. भावजय चांगली आहे, असं रचेलही. पण अंधारात वहिनीचं डोकं दुखतं म्हणून ती कधी सिनेमाला जात नाही. डबा, पन्नास जनावरं, झाड, हे तिला कुठून ठाऊक? मी सगळ्या बाजूंनी तपासून पाहिलं, कुठे फट सापडली नाही. तो जाड्या झाडावर कसा गेला, हा प्रश्न त्यानं त्या दिवशी मॅनेजरऐवजी मला विचारला असता तर मी उभ्या उभ्या उत्तर दिलं असतं. आणि त्या आखाजीला मी दार उघडलं असतं तर... पण तेही आता राहिलं.

दुसऱ्या भागाबद्दल त्याचं शेवटचं मत काय होतं, तेही मी वहिनीला विचारलं. ती म्हणाली, हे म्हणायचे, जनावरं वाढली, भीती कमी झाली, पण एकदा पाहायला हरकत नाही.

गेल्या रविवारी मी धुळ्यात दुपारच्या खेळाला गेले, एकटी, सासूबाईंना सांगून. कुठलासा हिंदी सिनेमा होता. दाखला वाचला, शेंगा मोजून पर्सच्या एका कप्प्यात ठेवल्या आणि ठिपका आला की एक दुसऱ्या कप्प्यात टाकत गेले. शेजारची खुर्ची रिकामी होती. खेळ संपल्यावर पाहिलं तर पहिल्या कप्प्यात एक शेंग उरली होती. मी मॅनेजरकडे गेले नाही. कुठला ठिपका चुकला, ते मला माहीत होतं. तेव्हा मी त्या खुर्चीकडे पाहत होते.